तापीचा काठ आणि आपलेपणाचा प्रश्न

१

मराठी वाचकाला सुरत ठाऊक असते ती १६६४ आणि १६७० या दोन सालांमुळे. बखरींनी, त्यांच्यामागून ऐतिहासिक कादंबऱ्यांनी आणि शालेय पुस्तकांनी या शहराचे जे चित्र आपल्यापुढे ठेवले, त्यात इंग्रजांची वखार आहे, वीरजी व्होऱ्याची अगणित संपत्ती आहे, किल्ल्याच्या आश्रयाला गेलेला सुभेदार इनायतखान आहे. परंतु त्या शहरात राहणारा, संध्याकाळी नदीवर जाणारा, शेजाऱ्याच्या ओट्यावर घटकाभर टेकणारा माणूस बहुधा नाही. एखादे शहर स्वारीच्या वेळी जेवढे दिसावे, तेवढेच ते आपल्या साहित्याने पाहिले. आणि स्वारी परतली तसे साहित्यही परतले.

माणसे मात्र पुढेही तेथे येतच राहिली. १९०० च्या सुमारास तापीच्या खोऱ्यातून रेल्वे धावू लागली आणि खानदेश सुरतेला जोडला गेला. यंत्रमागाचा आणि कापडछपाईचा धंदा वाढला, तशी जळगाव, धुळे, नंदुरबार या भागांतील कुटुंबेच्या कुटुंबे उधना, लिंबायत, पांडेसरा, दिंडोली या वस्त्यांतून येऊन राहिली. त्यांची मुले सुरतेत जन्मली, नातवंडेही तेथेच जन्मली. घरात अहिराणी, शाळेत मराठी किंवा गुजराती आणि मागावर हिंदी व ओडिया ऐकत ज्यांचे आयुष्य चालले आहे, त्या या लोकांना सुरत आपली केव्हा वाटते आणि कशामुळे वाटते, हा प्रश्न समाजशास्त्राचा आहे तितकाच साहित्याचाही आहे. आपलेपणा ही अखेर भावना आहे, आणि भावनेचे रूप नीट न्याहाळणे हे साहित्याचे मूळचे काम आहे.

या प्रश्नाला एक उत्तर नेहमी दिले जाते. माणसे एका झाडाखाली, एका पाण्याकाठी, एका मैदानात वारंवार भेटली की त्यांच्यात स्नेह उत्पन्न होतो. निसर्ग हा सर्वांचा असल्यामुळे त्याच्या सान्निध्यात भेद विरघळतात. हे उत्तर गोड आहे आणि त्यात तथ्यही आहे. परंतु गोड उत्तरे तपासून घ्यावी लागतात. सुरत हे अशा तपासणीसाठी उत्तम शहर आहे, कारण तेथे नदी आहे, समुद्र जवळ आहे, खाण्यापिण्याचा उघडा उत्साह आहे, आणि परगावाहून आलेल्यांची गर्दीही आहे.

२

प्रथम आपल्याच भाषांकडे वळावे. गावाच्या सामायिक जागांसाठी मराठीत जे शब्द आहेत ते मोठे बोलके आहेत: पार, चावडी, पाणवठा, गायरान, देवराई. कोंकणीत त्यांच्या पंक्तीला बसणारा आणि अर्थाने अधिक भारलेला शब्द म्हणजे ‘मांड’. गोव्यातील मांड ही गावातली केवळ मोकळी जागा नव्हे. धालो असोत, जागर असो की शिगमो असो, त्याचा आरंभ मांडावरच व्हायचा. प्रथम नमन व्हायचे. कोणत्या घराचा कोणता मान हे ठरलेले असायचे. पौषातल्या चांदण्यात धालो खेळणाऱ्या स्त्रिया मांडावर समोरासमोर दोन ओळींत उभ्या राहतात, तेव्हा त्या जागेला एक नियम असतो, आणि त्या नियमाचे ओझे सर्वांनी मिळून उचललेले असते. जागा आपली वाटते ती या ओझ्यामुळे. मांड सारवायचा कोणी, तेल कोणाच्या घरचे, सांगता केव्हा, हे सगळे ज्याच्या अंगवळणी पडले आहे तोच ‘आमचो मांड’ असे म्हणू शकतो.

पण येथेच दुसरी बाजूही लक्षात घेतली पाहिजे. मान ठरलेला असतो म्हणजे कोणाचा मान नाही हेही ठरलेलेच असते. पाराविषयी लिहिताना आपले लेखक हळवे होतात. परंतु त्या पारावर गावातील कोण बसत नसे, पाणवठ्यावर कोणाची घागर दूर ठेवली जाई, याचा हिशेब ते क्वचितच मांडतात. मुंबई विधिमंडळाने १९२३ साली सार्वजनिक पाणवठे सर्वांना खुले करण्याचा बोले यांचा ठराव संमत केला, महाडच्या नगरपालिकेने १९२४ मध्ये चवदार तळे खुले केल्याचे जाहीर केले, आणि तरीही २० मार्च १९२७ रोजी डॉ. आंबेडकरांना हजारो लोकांसह त्या तळ्यापर्यंत चालत जाऊन ओंजळभर पाणी प्यावे लागले. त्यानंतर सनातन्यांनी ते पाणी ‘शुद्ध’ करून घेतले, आणि न्यायालयातला निकाल लागण्यास १९३७ साल उजाडले. पाणी तेच होते, काठ तोच होता, आकाशही सर्वांवर सारखेच होते. परंतु निसर्गाने आपण होऊन कोणालाही एकत्र आणले नाही. सान्निध्याने स्नेह होतो, हे अर्धसत्य आहे. सान्निध्याला हक्काची जोड लागते आणि सामायिक कामाचीही लागते. या दोन कसोट्या हाती घेऊन सुरतेच्या काठावर जावे.

३

सुरतेच्या आपलेपणाचा पहिला मोठा गायक म्हणजे कवी नर्मद. त्याचा जन्म १८३३ चा. तो अगदी लहान असताना, १८३७ च्या एप्रिलात, सुरतेला भीषण आग लागून हजारो घरे भस्मसात झाली आणि त्याच वर्षी तापीला मोठा पूर आला. व्यापार मुंबईकडे सरकतच होता. या दोन आपत्तींनी शहराचे उरलेसुरले तेज हिरावून घेतले. आपल्या गावाचा हा ऱ्हास नर्मदाने कवितेत गायिला आणि सुरतेची संक्षिप्त हकीकत गद्यातही लिहिली. ‘जय जय गरवी गुजरात’ या १८७३ च्या त्याच्या गीतात चारी दिशांची देवस्थाने सीमा म्हणून उभी आहेत आणि तापी, नर्मदा, मही या नद्यांची नावे गौरवाने घेतलेली आहेत. येथे निसर्ग आहे, पण तो नकाशाच्या उंचीवरून पाहिलेला निसर्ग आहे. नदी प्रांताचा अलंकार झाली आहे. तिच्या घाटाला पायऱ्या नाहीत.

तथापि नर्मदाची थोरवी त्याच्या दुसऱ्या एका कवितेत आहे, असे प्रस्तुत लेखकाला वाटते. ‘कोनी कोनी छे गुजरात’ असा सरळ प्रश्न त्याने त्या कवितेत केला, आणि गुजरात कोणाची हे सांगताना परधर्माचे असूनही या भूमीने ज्यांना वाढविले अशांनाही त्याने आपल्या यादीत घेतले. एकोणिसाव्या शतकात हे उत्तर देणे सोपे नव्हते. ‘वाढविणे’ या क्रियेला त्याने महत्त्व दिले. भूमीने वाढविले, म्हणजे तिचे पाणी आणि धान्य पोटात गेले, तिच्या रस्त्यांवर पाय घट्ट झाले. आज लिंबायतमध्ये वाढलेले खानदेशी मूल या कसोटीला सहज उतरते. त्याचा बाप उतरतो का, या प्रश्नाशी मात्र नर्मदाची कविता थांबते. प्रौढ वयात आलेल्या माणसाला नवी भूमी कशी वाढविते, हे तिला पाहावे लागलेले नाही.

तो प्रश्न काकासाहेब कालेलकरांच्या जीवनातून पुढे येतो. साताऱ्यात जन्मलेले, मूळचे सावंतवाडीकडचे, घरी मराठी बोलणारे कालेलकर गुजरातीत इतके रुजले की गांधीजींनी त्यांना ‘सवाई गुजराती’ म्हटले. भारतातील नद्यांवर त्यांनी ‘लोकमाता’ हे पुस्तक गुजरातीत लिहिले. पुढे ‘जीवनलीला’त त्याचा विस्तार झाला. नदी ही लोकांची माता, ही त्यांची दृष्टी मोठी आहे. प्रसन्न गद्य, सूक्ष्म अवलोकन आणि संस्कृत परंपरेचे सहज स्मरण यांमुळे हे लेखन आजही ताजे वाटते. पण त्यांची वृत्ती दर्शनार्थीची आहे. प्रवासी येतो, नदीपुढे नम्र होतो, आणि पुढच्या नदीकडे निघतो. कपडे आपटणारी परटीण, पहाटे जाळे टाकणारा मच्छीमार, गाळाने हात भरलेला मजूर यांना त्या दर्शनात दुय्यम जागा आहे. कालेलकरांना गुजरात आपला वाटला तो नद्यांच्या दर्शनाने नव्हे. आश्रमातल्या सहजीवनाने, शिकविण्याने, गुजरातीच्या जोडणीकोशासारख्या कष्टाच्या कामातील सहभागाने वाटला. त्यांच्या जीवनाने जे सिद्ध केले ते त्यांच्या नदीवर्णनात पुरतेपणी उतरले नाही.

याच तापीच्या वरच्या अंगाला, जळगावजवळच्या असोद्यात जन्मलेल्या बहिणाबाई चौधरी यांच्याकडे पाहिले म्हणजे हा फरक चटकन ध्यानात येतो. १९५१ साली त्या वारल्या आणि १९५२ साली अत्र्यांच्या प्रस्तावनेसह त्यांच्या कविता प्रसिद्ध झाल्या. त्यांच्या कवितेत निसर्गाचे दर्शन असे वेगळे घडत नाही, कारण कवयित्री निसर्गासमोर उभी नाही. ती त्यात कामाला लागलेली आहे. पेरणी, मळणी, उफणणी, जाते, विहीर यांतून तिला भूमी कळते. आपलेपणाचा जो सामायिक कामाचा निकष आपण मांडावरून उचलला, तो मराठीत सर्वांत स्वच्छ रीतीने बहिणाबाईंच्या कवितेत भेटतो. परंतु त्यांच्या खानदेशातून सुरतेला गेलेल्यांची बहिणाबाई अद्याप आपल्याला भेटलेली नाही.

४

परक्या भूमीशी नाते कसे जडते याचा एक विलक्षण दाखला सुरतेतच, कतारगामच्या डच दफनभूमीत आहे. तेथील सर्वांत भव्य थडगे हेन्ड्रिक आड्रियान व्हान रेडे या डच अधिकाऱ्याचे. डिसेंबर १६९१ मध्ये सुरतेकडे येताना तो समुद्रावरच वारला आणि त्याला येथे आणून पुरण्यात आले. कोचीचा प्रमुख असताना त्याने मलबारच्या वनस्पतींवरील ‘हॉर्टस मलबारिकस’ या ग्रंथाची योजना केली. १६७८ ते १६९३ या काळात ॲम्स्टरडॅमला त्याचे १२ खंड छापले गेले, आणि त्यांत सातशेहून अधिक वनस्पतींची वर्णने व चित्रे आली.

या ग्रंथाशी कोंकणी वाचकाचे नाते जिव्हाळ्याचे असले पाहिजे. वनस्पतींची नावे आणि गुण सांगणाऱ्यांत ईळव जातीचे वैद्य इट्टी अच्युतन होते, तसेच रंगभट, विनायक पंडित आणि अप्पूभट हे तीन कोंकणी वैद्यही होते. त्यांनी १६७५ साली दिलेले कोंकणी प्रमाणपत्र पहिल्या खंडात नागरी लिपीत छापले आहे. नागरीत मुद्रित झालेल्या कोंकणीच्या अगदी आरंभीच्या नमुन्यांत त्याची गणना होते. या तिघांचा समाज गोव्यातून विस्थापित होऊन कोचीला पोहोचला होता. नव्या भूमीत त्यांनी पाय रोवले ते तिची झाडे ओळखून. कोणते मूळ कोणत्या ज्वरावर, कोणती साल कोणत्या व्रणावर, हे ज्याला ठाऊक झाले त्याला ती भूमी परकी म्हणणार कोण? शिवाय त्या ज्ञानाचा उपयोग शेजाऱ्याला होता. आजारी माणूस वैद्याच्या दारी येतो तेव्हा वैद्य कोठून आला हे तो विचारीत नाही.

या दाखल्याचे उगाच उदात्तीकरण करू नये. ग्रंथामागे कंपनीचा व्यापारी हेतू होता. औषधे युरोपातून मागविण्यापेक्षा येथेच मिळाली तर खर्च वाचणार होता. इट्टी अच्युतन आणि तिघे कोंकणी वैद्य यांची प्रमाणपत्रेही वेगवेगळी आहेत. तरीही एकाच ग्रंथाच्या एकाच खंडात ती शेजारी शेजारी आली, आणि त्या काळी समाजात ज्यांना एका पंक्तीत स्थान नव्हते त्यांना वनस्पतींनी एका पुस्तकात आणले. सामायिक निसर्ग आणि सामायिक काम एकत्र आले म्हणजे काय घडू शकते, याचा हा लहानसा पण पक्का पुरावा आहे. ग्रंथाचा प्रवर्तक सुरतेच्या मातीत विसावला आहे, ही गोष्ट मराठी आणि कोंकणी या दोन्ही भाषांच्या रसिकांनी लक्षात ठेवण्याजोगी आहे.

५

आता आजच्या सुरतेकडे वळावे. ‘सुरतनुं जमण अने काशीनुं मरण’ ही म्हण सर्वश्रुत आहे. पण हे जेवण घराच्या चार भिंतींत मावत नाही, ही त्यातली खरी गोष्ट आहे. शरद पौर्णिमेच्या दुसऱ्या दिवशी चांदणी पडव्याला सुरतकर घारी आणि भुसू घेऊन गच्चीवर, पदपथावर, डुमसच्या वाटेवर, जेथे सतरंजी पसरता येईल तेथे बसतात. निमंत्रण नसते, यजमान नसतो. चंद्र सर्वांवर सारखा आहे, हे वाक्य येथे अलंकार राहत नाही, कारण त्या रात्री रस्ताही सर्वांचा होतो. अर्थात तुपात बुडविलेली घारी सर्वांच्या खिशाला परवडत नाही, आणि बारा बारा तासांच्या पाळीवर गेलेल्या कामगाराला ती रात्र इतर रात्रींसारखीच असते.

हिवाळ्यातला पोंक या बाबतीत अधिक उदार आहे. कोवळ्या ज्वारीची कणसे भाजून, झोडपून काढलेले हिरवे दाणे लिंबू-मिऱ्याच्या शेवेबरोबर खाण्यासाठी तापीच्या काठी दुकाने लागतात आणि संध्याकाळी तेथे झुंबड उडते. हा आपला हुरडाच. खानदेशातून आलेल्या माणसाला त्या वासात आपले शेत सापडते. फरक इतकाच की, हुरड्याला आगटीच्या मालकाचे बोलावणे लागते; पोंकाला ते लागत नाही. एकाला सुरतेची थंडी आठवते, दुसऱ्याला अमळनेरची, आणि दोघांच्या तळहातावर दाणे तेच असतात. नवे गाव जुन्या गावाच्या चवीतून ओळखीचे होते, ते असे.

आणि तापी. आषाढ शुद्ध सप्तमीला तापीची जयंती. त्या दिवशी सुरतकर नदीला लांबच लांब चुनडी अर्पण करतात. श्रावणात खानदेशी कुटुंबे कानबाई बसवितात. तिच्या रोटाचे गहू घरातील पुरुषांच्या संख्येप्रमाणे मुठीने मोजून घेतले जातात आणि तो प्रसाद भाऊबंदकीबाहेर जात नाही. घरात इतके बंदिस्त असणारे हे दैवत दुसऱ्या दिवशी डोक्यावर घेऊन वाजतगाजत विसर्जनाला निघते, तेव्हा मात्र सारी गल्ली त्यात सामील होते. गुजराती शेजारीण ओवाळते, ओडिया कामगार वाट करून देतो. मुलताईला उगम पावलेले पाणी खानदेश ओलांडून येथे समुद्राला मिळते. गावाकडे जे दैवत ज्या नदीच्या खोऱ्यात पुजले जाई, तेच येथे त्याच नदीच्या मुखाशी पुजले जाते. स्थलांतर केलेल्या फार थोड्या समाजांना असे भाग्य लाभते की, त्यांच्या आधी त्यांची नदी तेथे पोहोचलेली असते.

६

परंतु ही नदी दिवसेंदिवस शहराच्या नजरेआड होत आहे, आणि खरी चिंता तेथे आहे. १९७२ मध्ये उकाईचे धरण पुरे झाले. पुढे सिंगणपोरचा बंधारा झाला आणि त्याच्या खालचा प्रवाह उन्हाळ्यात भरती-ओहोटीच्या हवाली झाला. ऑगस्ट २००६ मध्ये उकाईतून सोडाव्या लागलेल्या पाण्याने शहराचा बहुतेक भाग बुडविला. पाण्याने लहानथोर पाहिले नाही, असे अशा वेळी म्हणण्याचा प्रघात आहे. पण ज्याला वरचा मजला होता त्याचे सामान वाचले आणि तळमजल्याच्या एका खोलीत संसार असणाऱ्याचा संसारच वाहून गेला. पुरापासून रक्षणासाठी उंच पाळे आवश्यक आहेत, त्याविषयी वाद नाही. मात्र पाळ्यामागे गेलेली नदी रक्षण करण्याजोगी शेजारीण राहत नाही. तिची फक्त धास्ती उरते.

दुसरीकडे गोपी तलावाचे उदाहरण आहे. सोळाव्या शतकाच्या आरंभी मलिक गोपीने बांधविलेला हा तलाव पुढे कोरडा पडून विस्मृतीत गेला होता. महापालिकेने त्याचा जीर्णोद्धार करून २०१५ मध्ये तो लोकांना खुला केला. हे काम स्तुत्य आहे. तेथे प्रवेशाला तिकीट आहे; देखभालीला पैसा लागतो, हेही खरे. पण तिकीट घेऊन आत जाणारा माणूस पाहुणा असतो. त्याला कठड्यावर टेकता येते, काठ सारवता येत नाही. महाडच्या तळ्याची बंदी आणि हे तिकीट यांची तुलना करणे अन्यायाचे होईल. तथापि सामायिक जागेतून लोकांचे काम काढून घेतले म्हणजे त्यांचा आपलेपणाही हळूहळू निघून जातो, एवढे म्हटल्यावाचून राहवत नाही.

याउलट १९९४ च्या सप्टेंबरातील प्लेगनंतर सुरतेने काय केले ते आठवावे. लाखो लोक शहर सोडून पळाले होते. १९९५ मध्ये आयुक्त एस. आर. राव आले आणि अल्पावधीत अस्वच्छ म्हणून कुप्रसिद्ध असलेले हे शहर देशातील स्वच्छ शहरांत गणले जाऊ लागले. त्यात प्रशासनाचा कठोरपणा होता. पण शेरीतला कचरा हा शेरीचा आहे, ही समजही त्यात होती. आपलेपणाची किंमत शहराने भयाच्या पोटी का होईना, पण झाडू हाती घेऊन चुकविली.

आता साहित्याकडे परत यावयास हवे. नर्मदाने सुरतेला प्रेम दिले, कालेलकरांनी नद्यांना भक्ती दिली, बहिणाबाईंनी मातीला श्रम दिला. तिघांचे ऋण मान्य करूनही एक जागा रिकामी राहते. तापीच्या मुखाशी राहणारा, मागावर उभा असलेला, पोंकाच्या वासाने असोदे आणि अमळनेर आठवणारा, कानबाई घेऊन पाळा चढून उतरणारा माणूस मराठीत किंवा अहिराणीत स्वतःच्या शब्दांत उभा राहिलेला नाही. जी जागा भाषेत आली नाही ती नकाशातून पुसली जाताना कोणाला कळतही नाही. तापीचा काठ बंद झाला तर तेथे काय होते हे सांगणारा मजकूर हाताशी असला पाहिजे, आणि तो लुटीच्या हिशेबात मिळणार नाही. गोव्याच्या मांडाविषयी कोंकणी लेखकांनी जी आस्था दाखविली, ती सुरतेतील मराठी वस्त्यांविषयी मराठीने दाखवावी. दोन स्वाऱ्यांची वर्णने भरपूर झाली; एका वस्तीचे वर्णन अद्याप व्हावयाचे आहे.